दहाव्या फटक्याच्या अलीकडे : प्रस्तावना

घोड्यांची शर्यत संपते, पैजा लावणारे खिडकीकडे वळतात, आणि आपला अभ्यासविषय तिथून सुरू होतो. जॉकीने किती फटके मारले, कुठे मारले, हात खांद्याच्या वर गेला का, दोन फटक्यांमध्ये घोड्याला उसंत दिली का, हे चित्रफीत मागेपुढे करत ठरवणारी माणसे तेव्हा कामाला बसतात. चाबकाच्या अतिवापराबद्दल जॉकीला होणारी शिक्षा हा विषय दिसायला चिमुकला आहे. क्रीडा-कायद्याच्या पुस्तकात त्याला एखादे पान मिळते, पशुकल्याणाच्या पुस्तकात फार तर दोन. पण कायदा, पशुवैद्यक, अर्थशास्त्र, नीती आणि रोजीरोटीचे प्रश्न इतक्या दाटीने एका जागी आलेले मला दुसरीकडे क्वचितच दिसले. म्हणून या विषयाकडे वळणाऱ्या प्रत्येकाचे इथे स्वागत आहे. रेसबुक हातात धरून वाढलेल्याचे, तसेच रेस म्हणजे निव्वळ क्रौर्य मानणाऱ्याचेही. पुढे दोघांनाही न आवडणाऱ्या काही गोष्टी वाचाव्या लागतील.

सुरुवात एका शर्यतीपासून करू. २९ जुलै २०२३, इंग्लंडमधले ॲस्कॉट. ‘किंग जॉर्ज सिक्स्थ अँड क्वीन एलिझाबेथ स्टेक्स’ ही तिथली उन्हाळ्यातली मानाची शर्यत. अंतर साधारण २४०० मीटर, म्हणजे महालक्ष्मीवरच्या इंडियन डर्बीइतकेच. शेवटच्या टप्प्यात झुंज दोनच घोड्यांत उरली. हुकुमवर जिम क्रॉली होता, वेस्टओव्हरवर रॉब हॉर्नबी. दोन्ही घोडे अंगाला अंग लावून आले आणि हुकुम जेमतेम एका डोक्याने जिंकला. सपाट, म्हणजे अडथळ्यांविना होणाऱ्या शर्यतीत चाबकाची मर्यादा सहा फटक्यांची होती. क्रॉलीचे भरले नऊ. ब्रिटिश हॉर्सरेसिंग ऑथॉरिटीच्या समितीने त्याला २० दिवसांची बंदी आणि १०,००० पौंड दंड ठोठावला. मर्यादेपेक्षा चार किंवा अधिक फटके झाले तर घोडाच बाद करायचा, असा नियम त्याच वर्षी लागू झाला होता. इथे तीन जास्त झाले होते, त्यामुळे निकाल कायम राहिला. दहावा फटका पडला असता तर पहिला नंबर वेस्टओव्हरकडे गेला असता.

आता हिशेब मांडू, कारण या क्षेत्रात हिशेब मांडल्याशिवाय एक पाऊल पुढे जाता येत नाही. शर्यतीचे एकूण बक्षीस साडेबारा लाख पौंडांचे होते. त्यातले सात लाखांहून अधिक विजेत्याच्या वाट्याला आले. ब्रिटनमध्ये सपाट शर्यत जिंकणाऱ्या जॉकीचा वाटा बक्षिसाच्या सुमारे सात टक्के असतो. म्हणजे दंड भरूनही क्रॉलीच्या पदरात बरेच उरले. पण नुसता दंड पाहिला तर शिक्षा लुटुपुटीची वाटेल, आणि ती तशी नव्हती. बंदीच्या काळात ऑगस्टमधली यॉर्कची मोठी शर्यत आली. मोस्तहदफ हा क्रॉलीचा हातचा घोडा. रॉयल ॲस्कॉटला त्याने तो जिंकवला होता. यॉर्कला त्याच्या जागी फ्रँकी डेटोरी बसला आणि मोस्तहदफ ‘जडमॉण्ट इंटरनॅशनल’ जिंकून गेला. जॉकीला खरा चटका बसतो तो असा. दुसऱ्याच्या बुडाखाली आपला घोडा जिंकताना पाहण्याची शिक्षा दंडाच्या पावतीवर लिहिलेली नसते.

मात्र हा चटका एकट्या जॉकीला बसला. हुकुमच्या मालकाचे बक्षीस अबाधित राहिले, ट्रेनरच्या खात्यावर विजय नोंदला गेला, आणि ग्रुप वन, म्हणजे सर्वोच्च दर्जाची शर्यत नर घोड्याने जिंकली की पैदाशीसाठी त्याचे मोल वाढते, तेही वाढलेलेच राहिले. फटक्यांचा फायदा अनेकांनी वाटून घेतला आणि शिक्षा एकाने भोगली. या विषयातले माझे म्हणणे थोडक्यात एवढेच आहे. जॉकीचा हात पाहून हा विषय कळत नाही. निकालपत्र पाहून कळतो. निकाल जोवर टिकतो, तोवर बाकी सारी शिक्षा ही जिंकण्याच्या खर्चातली एक बाब ठरते, आणि ती बाब पगारी माणसाच्या नावावर टाकलेली असते.

निकालाला हात न लावण्याची ही सवय जुनी आहे. १९७२च्या एप्सम डर्बीत लेस्टर पिगॉटने रॉबर्टोला चाबकाच्या जोरावर विजयरेषेपलीकडे नेले. त्यावर लोक हळहळले, पण त्याहून जास्त लोकांनी त्याला मानले. १९८०च्या चेल्टनहॅम महोत्सवात दोन आयरिश जॉकींना चाबकाच्या अतिवापराबद्दल तीन-तीन महिने घरी बसवण्यात आले, तेव्हा कुठे शिस्तीची भाषा कडक होत असल्याचे जाणवले. तरी घोड्यांचे नंबर जागच्या जागीच राहिले.

खरी उलथापालथ २०११ची. एप्रिलमध्ये बॅलाब्रिग्स ग्रँड नॅशनल जिंकला. उन्हाने आणि श्रमाने तो इतका तापला होता की जॉकी जेसन मॅग्वायरला रेषा ओलांडताच खाली उतरावे लागले. घोड्यावर पाण्याच्या बादल्या ओतल्या गेल्या, आणि विजेत्याच्या रिंगणात विजेता आलाच नाही. मॅग्वायरला चाबकाच्या अतिवापरासाठी पाच दिवसांची बंदी झाली. त्याच शर्यतीत दोन घोडे दगावले होते. त्यांचा चाबकाशी संबंध नव्हता, पण दूरचित्रवाणीपुढे बसलेल्या लाखो लोकांनी सगळे एकत्रच पाहिले. चाबकाचा फेरविचार त्याआधीच सुरू होता. या दृश्यांनंतर तो थांबवणे कोणाच्या हातात राहिले नाही.

१० ऑक्टोबरला नवे नियम लागू झाले. सपाट शर्यतीत सात फटके, अडथळ्यांच्या शर्यतीत आठ, आणि त्यातले पाचच शेवटच्या फर्लांगात किंवा शेवटच्या अडथळ्यानंतर. तीन दिवसांतच रिचर्ड ह्यूजसारख्या नावाजलेल्या जॉकीने निषेध म्हणून परवाना परत केला. आणखी दोन दिवसांनी, १५ ऑक्टोबरला, ॲस्कॉटवर ख्रिस्तॉफ सुमियॉनने सिरस देझेग्लवर चॅम्पियन स्टेक्स जिंकली. शेवटच्या फर्लांगात त्याचा एक फटका जास्त झाला होता. एका फटक्यापायी बक्षिसातला त्याचा सगळा वाटा, ५०,००० पौंडांहून जास्त रक्कम, जप्त झाली. वर पाच दिवसांची बंदी. सहावा फटका फर्लांगाच्या खांबाआधी पडला असता तर एक पैही गेली नसती. ताशी साठ किलोमीटरच्या वेगात, बाजूला दुसरा घोडा असताना, खांब कधी मागे गेला हे डोळ्यांच्या कडेने टिपायचे आणि हाताला आवरायचे, अशी ती अपेक्षा होती. आठवड्याभरात शेवटच्या फर्लांगाची अट मागे घेतली गेली आणि सुमियॉनला पैसे परत मिळाले. पुढच्या वर्षी आकड्याचा अर्थच बदलण्यात आला. मर्यादा ओलांडली म्हणजे आपोआप गुन्हा ठरत नाही, पंचांनी ती शर्यत तपासून पाहायची, असे ठरले.

हे प्रकरण या विषयात शिरणाऱ्याने नीट घोटून घ्यावे असे मला वाटते. शिक्षा जबर होती म्हणून ती फसली, असे बरेच लोक मानतात. मला ते पटत नाही. ती फसली, कारण ती पुन्हा एकट्या जॉकीवर आली आणि इतकी आली की बघ्यांनाही ती अन्यायाची वाटली. मालकाचे बक्षीस मालकाकडेच आणि जॉकीची कमाई जप्त, हे कोणत्याही अड्ड्यावर पटणारे नव्हते.

जॉकीची कोंडी इथेच संपत नाही. शर्यतीचा मूलभूत नियम असा की प्रत्येक स्वाराने आपल्या घोड्याला शक्य तितका वरचा नंबर मिळवून द्यायचा. न दिल्यास तोही गुन्हा. आपल्याकडच्या रेसकोर्सवर थोडा वेळ उभे राहिले तरी हा दुसरा संशय कानावर येतो. फेव्हरिट हरला की ‘खेचला, खेचला!’ असा गलका होतो. जॉकीने लगाम ओढून धरला, मुद्दाम हरवला, असा त्याचा अर्थ. चाबूक न उचललेला जॉकी हरला तर त्याच्याकडे बोट दाखवतात, उचललेला जिंकला तर समिती बोलावते. पांडू खाडे आणि वसंत शिंदे या जॉकींची नावे अजून आदराने घेणारे जुने शौकीन हात, मांड्या आणि लगाम यांच्या कसबाबद्दल तासन्‌तास बोलतात. पण गर्दीला दुरून दिसतो तो चाबूकच. गर्दीसाठी तो प्रयत्नाचा पुरावा असतो. चाबूक काढून घेतला तर प्रामाणिकपणा कशावरून ओळखायचा, हा प्रश्न म्हणून हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

त्याचे उत्तर शोधण्याचा एक प्रयत्न सिडनी विद्यापीठातले पशुवैद्यक पॉल मॅकग्रीव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला आहे. ब्रिटनमध्ये शिकाऊ जॉकींसाठी अशा शर्यती होतात, ज्यांत चाबूक जवळ असतो पण घोडा पिटाळण्यासाठी वापरता येत नाही. काम हातांनी आणि टाचांनी काढायचे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा ६७ शर्यतींची तुलना चाबकाची मुभा असलेल्या ५९ शर्यतींशी केली गेली. घोडा भरकटणे, दुसऱ्याला अडवणे, अपघाताचा धोका, शर्यतीला लागलेला वेळ, कशातच अर्थपूर्ण फरक आढळला नाही. त्याआधी, २०११ मध्ये, मॅकग्रीव्ही आणि एका सहकाऱ्याने पाच शर्यतींतल्या ४८ घोड्यांचा वेग टप्प्याटप्प्याने तपासला होता. घोडे सर्वांत जोरात धावले ते रेषेपासून ६०० ते ४०० मीटर अंतरावर, जिथे चाबूक बाहेरच आला नव्हता. शेवटच्या ४०० मीटरांत फटके वाढले आणि वेग उतरला, कारण तोवर घोडा दमला होता.

ही संख्या लहान आहे, हे वाचकाने विसरू नये. ४८ घोड्यांवरून जगभरच्या शर्यतींबद्दल बोलणे धाडसाचे आहे. शिवाय दमलेल्या घोड्याचा वेग फटक्यांविना आणखी किती उतरला असता, हे त्या आकड्यांतून कळत नाही. जॉकी हेच तर म्हणतात. त्यांचे म्हणणे अनुभवातून येते. ते खोटे ठरवायला आणखी अभ्यास लागतील, खरे ठरवायलाही.

वेदनेच्या प्रश्नावर मात्र हात झटकून मोकळे होणे आता अवघड आहे. घोड्याची कातडी जाड, त्याला काय लागते, हा युक्तिवाद तबेल्यात आणि क्लबच्या बैठकीत सारखाच ऐकू येतो. २०२० च्याच एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात दहा मृत माणसांच्या आणि वीस मृत घोड्यांच्या पुठ्ठ्यावरच्या त्वचेचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले गेले. बाह्यत्वचा, म्हणजे वेदना टिपणारी मज्जातंतूंची टोके असलेला सर्वांत वरचा थर, दोघांत सारख्याच जाडीची निघाली. त्या टोकांची दाटीही सारखीच. घोड्याची कातडी जाड आहे ती खालच्या थरात, आणि वेदना टिपली जाते ती त्याच्या वर.

यावर चाबूक बनवणाऱ्यांचे उत्तर तयार असते, आणि ते अगदीच पोकळ नाही. हल्लीचा रेसचा चाबूक म्हणजे वेताची छडी नव्हे. ब्रिटनमध्ये सपाट शर्यतीत तो जास्तीत जास्त ७० सेंटीमीटर लांब असतो. मारायचा भाग फोमने गुंडाळलेला, शिवण किंवा कंगोरा बाहेर आलेला चालत नाही. हातावर मारून पाहिला तर आवाज मोठा येतो आणि मार त्या मानाने कमी बसतो. पण ‘त्या मानाने कमी’ म्हणजे किती, आणि सलग सातवा फटका पहिल्याइतकाच कमी लागतो का, याला चाबकाची बनावट उत्तर देऊ शकत नाही. म्हणून नियमांत बनावटीशेजारी मोजणी येते.

मोजणीच्या पद्धती देशागणिक निराळ्या आहेत आणि त्यांची तुलना हा या क्षेत्रातला सर्वांत रसाळ भाग. ऑस्ट्रेलियात शेवटच्या १०० मीटरांआधी पाचच फटके, तेही लागोपाठच्या ढांगांत नाही. मात्र शेवटच्या १०० मीटरांत आकड्याचे बंधन नाही. २०२० च्या मेलबर्न कपात टायगर मॉथ दुसरा आला, तेव्हा केरिन मॅकइव्हॉयने १०० मीटरच्या खुणेआधी १३ फटके मारले होते. पंचांनी ५०,००० डॉलर दंड सुनावला आणि त्याला १३ बैठकींपुरते निलंबित केले. घोड्याचा दुसरा नंबर आणि त्याचे बक्षीस दोन्ही जागच्या जागी. अमेरिकेत २०२२ च्या जुलैपासून नव्या राष्ट्रीय सुरक्षा नियमांखाली सहाची मर्यादा आहे, दोनाहून जास्त फटके सलग नाहीत. एक ते तीन जास्त झाल्यास जॉकीला २५० डॉलर किंवा त्याच्या वाट्याचे दहा टक्के यांतली मोठी रक्कम आणि एक दिवस निलंबन. चार किंवा अधिक जास्त झाल्यास बक्षीसही जाते. अटलांटिकच्या दोन्ही काठांवर उंबरठा चारचाच ठरला आहे.

चारच का, एक का नाही? प्रस्थापित उत्तर असे की निकाल बदलला तर पैज लावणाऱ्याचे नुकसान होते, आणि त्याचा काहीच दोष नसतो. हे उत्तर ब्रिटनपुरते तरी तपासून पाहावे. तिथे स्वारांची वजने होऊन निकाल पक्का जाहीर झाला की पैजा चुकत्या होतात. चाबकाची समिती नंतर, आठवड्यातून एकदा बसते. २०२३ च्या फेब्रुवारीत लुनार डिस्कव्हरी ही या नियमाखाली बाद झालेली पहिली विजेती घोडी ठरली, तेव्हा तिच्यावर पैसे लावलेल्यांना ते आधीच मिळून गेले होते. नुकसान झाले ते तिच्या मालकाचे, ट्रेनरचे आणि जॉकीचे. म्हणजे पैजदाराचे नाव पुढे करून ज्यांना वाचवले जाते, ते पैजदार नाहीत. एक फटका जास्त झाला तरी बक्षीस जाईल असा नियम केला, तर ट्रेनर शर्यतीआधी पॅडॉकमध्ये जॉकीच्या कानात काय सांगेल, याची कल्पना करून पाहावी. आज तो काय सांगतो, किंवा काय सांगत नाही, हे मी वाचकावर सोडतो.

माझ्या या मताला विरोध करणारे अभ्यासक आहेत आणि त्यांचा एक मुद्दा मला आजही अडवतो. तबेल्यातला मोतद्दार, जो पहाटे चारला उठून घोड्याची मालिश करतो, त्यालाही जिंकलेल्या बक्षिसातला छोटा वाटा मिळतो. घोडा बाद झाला की तोही जातो. त्याने तर कोणालाच फटका मारलेला नसतो.

भारतातल्या वाचकाने आपल्याकडचा कायदा वेगळ्या दारातून येतो हे लक्षात ठेवावे. इथे क्लबांच्या पंचांचे नियम आहेतच; त्यांच्यावर १९६०चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे, आणि त्याखालच्या २००१च्या नियमांत रेससाठी हवेची गादी असलेल्या, धक्का शोषणाऱ्या चाबकाचीच अट आहे. १९९६ मध्ये के. आर. लक्ष्मणन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, जुगार नव्हे, असा निवाडा दिला. घोड्याची तयारी आणि जॉकीचे कसब यांवर निकाल अवलंबून असतो, हा त्याचा पाया. चाबूक हा त्या कसबाचा भाग मानायचा की त्या कसबातली पळवाट, हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हता. विद्यार्थ्यांपुढे असायला हरकत नाही. दरम्यान महाराष्ट्रात बैलगाडा शर्यती मे २०२३च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने कायदेशीर ठरल्या, पण राज्याच्या नियमांनी गाडीवानाला काठी, चाबूक, टोचणी काहीही हातात घ्यायला मनाई केली आहे. म्हणजे चाकणच्या शर्यतीच्या घाटातल्या बैलाला कागदोपत्री जे संरक्षण आहे, ते महालक्ष्मीवरच्या उंची घोड्याला नाही. घाटात ते कितपत पाळले जाते, हे तिथे जाणारे जाणतात.

पुढच्या प्रकरणांचा क्रम मी मुद्दाम कालानुक्रमे ठेवलेला नाही. पहिला भाग वेदनेचा आणि वेगाचा आहे, कारण त्याशिवाय शिक्षेची चर्चा हवेत राहते. दुसऱ्यात मोजणीची यंत्रणा येते: कॅमेरे, कोन, पलीकडच्या बाजूचा हात न दिसण्याची अडचण, आणि फटका कशाला म्हणायचे याचे वाद. तिसरा भाग पैशांचा. तो सर्वांत लांब आहे आणि कंटाळा आला तरी गाळू नये अशी विनंती आहे. ज्यांना जॉकींच्या बाजूने वाचायचे आहे त्यांनी चौथ्यापासून सुरुवात केली तरी चालेल. वजन उतरवण्यासाठी उपाशी राहणारी, पडून हाडे मोडून घेणारी, एका स्वारीच्या मेहनतान्यावर महिना काढणारी माणसे तिथे भेटतील. नॉर्वेवरचे प्रकरण सर्वांत शेवटी आहे. तिथे घोडा पिटाळण्यासाठी चाबूक वापरायला १९८२ पासून मनाई आहे, आणि २००९ पासून बहुतेक सपाट शर्यतींत तो सोबत नेताही येत नाही. हे प्रकरण अवघ्या काही पानांचे झाले, कारण शिस्तभंगाच्या निकालांची जी जाडजूड कागदपत्रे इतर देशांत चाळावी लागतात, ती तिथे तयारच होत नाहीत.